काही कमी केलं नाही

कपाटवाल्यांच्या घरी दिवस उजाडला हे कळायला घड्याळ लागत नसे. पुढच्या कारखान्यात पत्र्यावर पहिला हातोडा पडला की सकाळ झाली, आणि थोरल्याचा पहिला हात धाकट्याच्या पाठीत पडला की चहाची वेळ झाली, असा साधा हिशेब होता. त्या दिवशीही तसंच झालं. धाकट्यानं दाराची कड अंमळ तिरकी वाकवली, थोरल्यानं त्याला एक ठेवून दिली, धाकट्यानं पाठ चोळली, आणि थोरल्याची बायको कपबशा घेऊन आली. ज्या घरात रोज मार पडतो तिथं त्याला मार म्हणत नाहीत, वळण म्हणतात.

थोरला वाईट माणूस आहे, असं गल्लीत कोणी म्हणालं नसतं. म्हणायची कोणाची छाती नव्हती, ही गोष्ट वेगळी. तो लोखंडी कपाटं करी. पत्रा जाड, बिजागऱ्या आतून, कुलूप त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं. कारखान्याच्या दारावर त्यानं आपल्या हातानं पाटी रंगवली होती : 'फोडून दाखवा, घेऊन जा.' आजवर कोणी काही घेऊन गेलं नव्हतं. एकदा एका पेढीवर चोर शिरले, कपाटाशी झटले, आणि शेवटी भिंतीवरचा पंखा घेऊन गेले. ही हकीकत गिऱ्हाइकांना सांगताना थोरल्याचे डोळे भरून येत.

त्याच्या बायकोला सगळे थोरली म्हणत. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे ही थोरली नेमकी कोणापेक्षा, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तिला स्वयंपाकघर होतं, मागची खोली होती, सासूची खाट होती. कारखान्यात तिनं कपबशा न्यायच्या आणि आणायच्या. हत्याराला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की हत्याराची धार जाते, असं थोरल्याचं शास्त्र होतं. ते खरं असतं तर त्या घरातल्या सुऱ्या-विळ्या कधीच बोथट व्हायला हव्या होत्या. पण शास्त्राला कोणी उलट विचारत नाही.

खरं म्हणजे कारखाना उभा केला तो आईनं. नवरा लवकर गेला, दोन पोरं पदरात, तेव्हा ही बाई पत्रा विकत आणायला बाजारात भांडायला जाई. तयार झालेलं कपाट बाहेर जाण्याआधी ती त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावी. "पोकळ वाजतंय. परत करा," म्हणे, आणि परत करावंच लागे.

आता ती मागच्या खोलीत खाटेवर होती, आणि तेच पेर खाटेच्या लोखंडी पाइपवर वाजत असे. ती ओरडत नसे. कळ आली की टकटक करी. कळ वाढली की टकटक वाढे. थोरलीला भाजी चिरता चिरता नुसत्या आवाजावरून समजे की पाठीत किती चाललंय.

आजाराचं नाव घरात घ्यायची बंदी होती. पोटात गाठ निघाली, ती यकृतात गेली, तिथून मणक्यात उतरली. पण घरात तिला 'पोटाची तक्रार'च म्हणत. धाकट्याच्या तोंडून एकदा खरं नाव निसटलं, तेव्हा थोरल्यानं त्याचं बोट दाराच्या फटीत धरून दार लावलं. "आईच्या कानावर गेलं तर ती खचेल," तो नंतर बायकोला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर कापत होता. धाकट्याचं ते बोट त्यानंतर नीट मिटलं नाही.

पहिल्या हॉस्पिटलातला डॉक्टर वयस्कर होता. त्यानं सगळे फोटो उजेडाला धरून पाहिले आणि थोरल्याला बाजूला घेतलं. थोरली मागेच उभी होती.

"हे बघा," डॉक्टर म्हणाला, "आता मोठे उपचार करून त्यांचं आयुष्य वाढेल असं मला वाटत नाही. पैसे जपा. त्यांना घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू या. ते जमेल."

"म्हणजे तू हात टेकलेस," थोरला म्हणाला.

"हात टेकायचा प्रश्न नाही..."

पुढचं वाक्य टेबलाच्या काचेबरोबर फुटलं. थोरल्यानं डॉक्टरची कॉलर धरून त्याचं डोकं एकदा टेबलावर आपटलं. फार नाही, एकदाच. दरवान धावले, दोन खुर्च्या मोडल्या, आणि काचेच्या चुऱ्यातून थोरलीनं सासूचे फोटो एक एक करून वेचले. हात कापले ते घरी आल्यावर लक्षात आलं.

गल्लीत या गोष्टीचा बोभाटा झाला, पण बदनामी झाली नाही. उलट आईचे भाऊ, म्हणजे मामा, मुद्दाम येऊन पाठ थोपटून गेले. "आईसाठी डॉक्टरच्या नरड्याला हात घालणारा मुलगा आता कुठं बघायला मिळतो?"

मग दुसरं हॉस्पिटल. ते मोठं होतं, दारात कारंजं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी फोटो न धरताच सांगितलं, "करून बघू." हे दोन शब्द त्या इमारतीतले सगळ्यात महाग शब्द होते. शिरेतून औषध सोडायचं, माणूस आठवडाभर ओकत राहायचा, जरा सावरला की पुन्हा सोडायचं. पहिल्या खेपेला बँकेत होतं ते गेलं. मग थोरलीचे दागिने गेले. मग धाकट्याच्या लग्नासाठी बांधायला काढलेल्या वरच्या खोलीच्या विटा परत विकल्या. शेवटी पत्रा वाकवायचं मशीन गेलं, आणि सगळी वाकवण हातोड्यानं हातावर आली. म्हणजे आईच्या उपचारापायी आईच्याच उशाशी दिवसभर ठणठणाट सुरू झाला. पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण माणसं भेटायला येत ती आईपाशी फार वेळ बसतच नसत. खाटेकडे एकदा बघत, मान हलवत, आणि बाहेर येऊन थोरल्याला म्हणत, "काही कमी केलं नाहीस हो."

हे वाक्य ऐकलं की थोरल्याची मान वर होई. उपाशी माणसाच्या तोंडात कोणी घास घालावा तसं ते वाक्य तो गिळी. मामा तर येतानाच ते घेऊन येत, जसं दुसरं कोणी फळं आणतं.

त्या मोठ्या हॉस्पिटलात, सगळ्यात मागं, जिथं चादरी धुतात त्याच्या शेजारी एक लहानशी खोली होती. तिथं एक बारीक चणीची डॉक्टरीण आठवड्यातून दोनदा बसे. दुखणं थांबवायचं एवढंच तिचं काम. आईला ढकलखुर्चीतून नेताना टकटक ऐकून ती स्वतःच बाहेर आली. तिनं आईचा हात धरून विचारलं, "आजी, किती दुखतंय?" एवढ्या महिन्यांत हा प्रश्न आईला कोणी विचारला नव्हता. आईनं थोरल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चालतंय."

डॉक्टरीणबाईंनी एका बाटलीत पातळ औषध दिलं. थोरलीला जवळ बसवून पिचकारीवरची रेघ दाखवली. "दर चार तासांनी एवढं. दुखायची वाट बघायची नाही. दुखायच्या आधीच द्यायचं. सुरुवातीला झोप लागेल, घाबरू नका, कित्येक दिवसांची राहिलेली झोप आहे ती. आणि एकदम बंद करू नका."

औषध चांगलं होतं, पण त्याच्यात एक मोठा दोष होता. ते स्वस्त होतं. चहा-बिस्किटाच्या पैशात येणाऱ्या औषधावर ज्या घराचं मशीन विकलं गेलंय ते घर कसा विश्वास ठेवणार?

पहिल्या दिवशी आई झोपली. तोंड किंचित उघडं, हात पोटावर सैल. कारखान्यात ठणठण चालू होती तरी ती जागी झाली नाही. थोरली दारात उभी राहून ती झोप बघत राहिली, पाऊस बघावा तशी. तेवढ्यात मामा आले. त्यांनी बहिणीला हाक मारली, हलवलं, बाटली नाकाशी नेली.

"यात अफू असते," मामा म्हणाले. "मला माहीत आहे. ही आता जागी व्हायची नाही. आणि झाली तर सवय लागेल. लोक म्हणतील, पैसे संपले तसं पोरांनी म्हातारीला गुंगवून ठेवलं."

आई तासाभरानं जागी झाली आणि तिनं चहा मागितला, पण तोवर निकाल लागला होता. तिच्याच खोलीत एक कपाट होतं, थोरल्याच्या हातचं सगळ्यात मजबूत, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचं. बाटली त्यात गेली. किल्ली थोरल्याच्या गळ्यात गेली. त्यानंतर आईला औषध मिळे ते थोरल्याला पटेल तेव्हा, पटेल तेवढं. तो पिचकारी धरून खाटेशी उभा राही आणि म्हणे, "अजून जरा कळ काढ आई. तू लढणारी बाई आहेस." आई पाइपवर टकटक करी. लढत होती, असं आपण म्हणू.

"अहो, बाईंनी चार तासांनी सांगितलंय," थोरली एकदा म्हणाली.

त्याचा हात तिच्या कानाखाली बसला. कानात दोन दिवस घंटी वाजत होती.

"माझी आई आहे ती," थोरला म्हणाला. "तुझी नाही."

हे मात्र खरं होतं. थोरलीनं फक्त तिची ओकारी पुसली होती, कूस बदलली होती, केस विंचरले होते. एवढ्यानं कोणी मुलगी होत नाही.

आता तो मंगळवार. थोरला सकाळी मोठ्या हॉस्पिटलात पुढच्या खेपेची तारीख घ्यायला गेला. तिथल्या खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं की आधीचे पैसे भरल्याशिवाय तारीख मिळणार नाही, आणि तसंही पेशंटचं रक्त इतकं उतरलंय की डॉक्टर आता औषध सोडायला तयार नाहीत. थोरल्यानं खिडकीची काच मुठीनं फोडली. वॉर्डबॉय आडवा आला, त्याच्या तोंडावर खुर्ची घातली. त्याचे दोन दात पडले. ज्या कारंज्याचे पैसे आपण भरतो असं थोरल्याला वाटे, त्या कारंज्यात तो धावून आलेल्या दरवानाला बुडवत असतानाच पोलीस आले.

घरी निरोप आला तेव्हा दुपारचं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. आदल्या संध्याकाळपासून आईला औषधाचा थेंबही मिळाला नव्हता. थोरला सकाळी घाईत होता. आईचं टकटक करणं आता थांबतच नव्हतं. पेराची कातडी सोलून पाइपवर रक्ताचा डाग पडला होता. थोरलीनं तिथं फडकं गुंडाळलं, तर आई फडक्यावरून वाजवत राहिली. ओठ चावून चावून काळेनिळे झाले होते. मध्येच तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पोरी, मला मारून टाक. नाहीतर दे."

थोरलीनं पायात चपला घातल्या. दुसरी बाटली मिळायला डॉक्टरीणबाईंची पाळी परवाची होती. किल्ली गळ्यात होती, आणि गळा पोलीस ठाण्यात.

ठाण्यातला हवालदार पेरू खात होता. कोठडीत घालताना गळ्यातली दोरी, कंबरेचा पट्टा सगळं काढून घेतात. किल्ली एका पाकिटात घालून टेबलावर ठेवलेली होती. थोरलीला ती दिसत होती.

"त्यांची वस्तू त्यांनी हो म्हटल्याशिवाय देता येत नाही, बाई," हवालदार म्हणाला. "विचारा त्यांना."

थोरला गजांशी उभा होता. हात काच लागून सुजला होता. शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं.

"आईला फार होतंय," थोरली म्हणाली. "एकदा हो म्हणा. किल्ली घेऊन जाते, तिला देते, किल्ली परत आणून देते."

"मी सुटल्यावर देईन."

"कधी सुटाल?"

"उद्या. मामा बघतायत."

"उद्यापर्यंत ती..." थोरलीनं गज धरला. "ती पाइप वाजवतेय हो. हाड दिसायला लागलंय बोटाचं."

"तुझ्या हातात बाटली दिली की तू तिला झोपवणार," थोरला गजांमधून म्हणाला. "आणि ती झोपली की उठायची नाही. माझ्या मागे माझ्या आईला मारायचं ठरवलंय तुम्ही दोघांनी. तो धाकटा आणि तू. मी बाहेर येऊन एकेकाचे हातपाय मोडतो का नाही बघ." तो गज हलवत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "काही कमी केलं नाही मी तिला. काही कमी केलं नाही."

थोरली मागं फिरली. हवालदारानं बी थुंकली.

"कपाट कोणाचं आहे?" त्यानं विचारलं.

"घरचंच."

"मग घरचं कपाट फोडायला कायद्याची काही हरकत दिसत नाही मला," हवालदार म्हणाला, आणि उरलेला पेरू खाऊ लागला.

ही काही फार खोल गोष्ट नव्हती. लोखंड कापायच्या चकतीचं यंत्र त्या घरात होतं, छिन्न्या होत्या, घण होता. कपाट मजबूत होतं, पण कारखाना कपाटापेक्षा मजबूत होता. धाकट्याला ते कापायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरला असता. घरात सगळी हत्यारं होती. फक्त हात नव्हता.

"भाऊजी, कपाट कापा," थोरली घरात शिरत म्हणाली.

धाकटा आईच्या खाटेशी उकिडवा बसला होता, कानांवर हात घेऊन. त्यानं वर पाहिलं.

"दादा मारेल, वहिनी."

"मारेल."

"तुम्हाला माहीत नाही तो..." बोलता बोलता धाकट्यानं ते न मिटणारं बोट दुसऱ्या हातात धरलं. तीस वर्षांचा, दाढी आलेला माणूस, आणि चेहरा नुकत्याच मोडलेल्या खेळण्याकडे बघणाऱ्या पोराचा. "तुम्हाला माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला. ज्या बाईच्या कानात दोन दिवस घंटी वाजली होती तिला तो हे सांगत होता.

"मग मला मारेल," थोरली म्हणाली. "यंत्र कसं धरायचं तेवढं सांगा. आणि प्लग लावा."

धाकट्यानं प्लग लावला.

चकती पत्र्याला लागली आणि ठिणग्यांचा फवारा तिच्या अंगावर आला. यंत्र जनावरासारखं हिसडे देत होतं. पहिल्यांदा ते उसळलं आणि तिच्या हाताला चाटून गेलं. कोपराखालची कातडी भाजून पांढरी झाली. तिनं पुन्हा धरलं. "बिजागरीला नको," धाकटा मागून ओरडला, "आतून सळ्या आहेत, दादानं घातल्यात. मधेच कापा. खिडकी पाडा." आणि मग त्याला काय झालं कोण जाणे, तो पुढं आला, तिच्या हातांवर त्यानं आपले हात ठेवले, आणि यंत्र स्थिर झालं. दोघं मिळून कापत राहिली. धाकटा मोठमोठ्यानं रडत होता, पण चकतीच्या आवाजात ते कोणाला ऐकू येत नव्हतं. मागं खाटेवर आई हाड उघडं पडलेल्या बोटानं वाजवत होती, आणि तेही ऐकू येत नव्हतं.

पत्र्याचा चौकोन आत पडला. थोरलीनं हात घातला. कापलेल्या कडेनं मनगटापासून वर लांब रेघ ओढली गेली. बाटली बाहेर आली ती रक्तानं निसरडी होऊन. धार जाते म्हणणाऱ्यांनी ती कड एकदा बघायला हवी होती.

तिनं पिचकारी रेघेपर्यंत भरली. रेघेपेक्षा थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. आईच्या गालात सोडली. मग दोघं जमिनीवर बसून राहिली. टकटक बराच वेळ चालू होती. मग तिच्यात फटी पडू लागल्या. मग एकदा वाजलं, आणि पुन्हा वाजलंच नाही.

"गेली," धाकटा पांढरा पडून म्हणाला.

"घोरतेय," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला जामिनावर सुटून आला. बरोबर मामा. तोवर आईला ठरल्या वेळांना औषध मिळालं होतं. ती उशीला टेकून बसली होती आणि दूध पीत होती. पण थोरल्याचं लक्ष आईकडे गेलंच नाही. त्याला आधी कपाट दिसलं. त्याच्या हातचं सगळ्यात मजबूत कपाट, आणि त्याच्या छातीत चौकोनी भोक.

"कोणी?" त्यानं विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ती खाटेच्या कोपऱ्यावर आदळली, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. बाटली तिच्या मुठीत होती. थोरल्यानं तिचं मनगट धरलं आणि बोटं उलगडायला सुरुवात केली. तिनं सोडली नाही. त्यानं करंगळी मागं वाकवली. तिनं सोडली नाही. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला, तो मामांनीही ऐकला. बाटली तरीही मुठीतच होती, उरलेल्या बोटांत.

"दादा, सोड तिला," धाकटा म्हणाला. भिंतीला चिकटून का होईना, पण म्हणाला. "मीही कापलंय."

थोरल्यानं दारातला हातोडा उचलला.

"थांब," आई म्हणाली. "आधी मला मार."

खोलीत सगळे जिथल्या तिथं राहिले. कित्येक महिन्यांत आईचा तो आवाज कोणी ऐकला नव्हता. बाजारात पत्र्याच्या भावावरून भांडणारा.

"मोठ्यांचा मान आधी," ती म्हणाली. "माझ्यापासून सुरू कर. मग तिला, मग त्याला. मामा राहिलेत, त्यांनाही घे."

मामा एक पाऊल मागं सरले.

"आई, तुला काय कळतंय का?" थोरल्याचा हातोडा हवेतच होता. "तुझ्यासाठी मी... हे तुला अफू देऊन..."

"मला कॅन्सर आहे," आई म्हणाली. "पोटात आहे, पाठीत आहे. पहिल्या दिवसापासून कळतंय. पोकळ वाजलेलं मला कळत नाही का रे? तू बोलू देईनास म्हणून मीही बोलले नाही. म्हटलं, पोराचा खेळ आहे, चालू दे. पण तो खेळ माझ्या पाठीवर चाललाय."

थोरल्याचा हातोडा हवेतून मांडीपर्यंत खाली आला.

"लहानपणी तू रडलास की मी मारायची. दोन दिले की गप्प व्हायचास. मला वाटायचं दुखणं थांबलं." तिनं दम घेतला. "तेच शिकलास. कोणी दुखतंय म्हटलं की मार. चूक माझी आहे, पण ती फिटेल एवढे दिवस मी राहत नाही आता. ती बाहेरची पाटी कोणी रंगवली?"

"कुठली?"

"फोडून दाखवा, घेऊन जा."

"मी."

"मग तिनं फोडलं. कपाट तिचं. आत होतं ते औषधही तिचं. व्यवहार म्हणजे व्यवहार." आईनं दुधाचा पेला खाली ठेवला. "ते हॉस्पिटल बंद. कारंजं मी बघितलंय. आता तिच्या बोटाला काहीतरी बांध, वाकडं बसेल."

थोरल्यानं हातोडा खाली ठेवला. पुढं येऊन त्यानं पिचकारी उचलली. "वेळ झाली असेल ना? मी देतो," तो म्हणाला.

"नको," आई म्हणाली. "तुझा हात जड आहे. तिला देऊ दे."

आई त्यानंतर काही आठवडे जगली. मरणाला कोणी हरवलं नाही. पण ती पाइप न वाजवता जगली, धाकट्याला शिव्या दिल्या, कपाटाचे दर वाढवायला सांगितले, आणि एका सकाळी थोरली केस विंचरत असताना गेली.

माणसं भेटायला आली. बायका आत, पुरुष बाहेर, मध्ये ते भोक पडलेलं कपाट. मामा सगळ्यांत पुढं बसले होते. वाक्य त्यांनी बरोबर आणलंच होतं.

"एक आहे," मामा उसासा टाकून म्हणाले, "पोरानं काही कमी केलं नाही."

"केलं," थोरली म्हणाली. ती पाण्याचे पेले घेऊन उभी होती. करंगळी वाकडीच बसली होती. "मशीन विकलं, दागिने विकले, डॉक्टरवर हात टाकला, वॉर्डबॉयचे दात पाडले. ते सगळं केलं. एक औषध द्यायचं होतं, तेवढं कमी केलं. ते या कपाटात होतं. आणि मीही फार उशिरा फोडलं."

थोरल्याचा हात वर गेला. कोपऱ्यात बसलेल्या धाकट्याचं कोपर आपोआप तोंडासमोर आलं. तीस वर्षांच्या सवयीनं. आलेली सगळी माणसं त्या कोपराकडे बघू लागली, आणि थोरल्यानंही ते पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. हात तिथंच राहिला, मग खाली आला.

"बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला, आणि उठून कारखान्यात गेला. त्या दिवशी पुढं ठोकण्याचा आवाज आला नाही.

थोरला सुधारला का, असं विचाराल तर हातोड्याचं सोनं होत नसतं. हात अजून उठतो. अर्ध्यावर त्याला ते कोपर आठवतं. नाही आठवलं, तर थोरलीला ठाण्याचा रस्ता पाठ आहे आणि हवालदार ओळखीचा झालाय, हे तिनं त्याला जेवण वाढता वाढता सांगून ठेवलंय. वॉर्डबॉयच्या नव्या दातांचे पैसे मात्र तिनं कपाटं विकून त्याच्याकडूनच भरवून घेतले.

आणि ते कपाट तिचं ते तिचंच आहे. दार तिनं बदलू दिलं नाही. गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, कोणाच्या घरी अशी खाट पडली की ती भेटायला जाते. फळं नेत नाही. बाहेर बसलेले पुरुष मान हलवून सांगतात, काही कमी केलं नाही आम्ही. ती ऐकून घेते, आत जाते, खाटेवरच्या माणसाच्या हाताची बोटं बघते, आणि मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर विचारते, "औषध कुठं ठेवलंय? आणि किल्ली कोणाकडे आहे?"

लोकांना तिचं हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं. पण उत्तर द्यायला कोणीतरी एक जण हमखास गळ्याशी हात नेतो.